आधार कार्डावरची मैनाबाई

अमरावतीला बचत गटांचं प्रदर्शन भरलं की आमच्या टेबलापुढं गर्दी व्हायची. ती आमच्या डागांवरच्या लेपासाठी नसायची, मैनाबाईसाठी असायची. मैनाबाई मागं खुर्चीवर बसलेली असे. एखादी बाई थांबली, पाकीट उलटसुलट करून पाहू लागली, की मैनाबाई पोलक्यातून प्लास्टिकच्या पिशवीत जपलेलं आधार कार्ड काढायची आणि त्या बाईच्या हातावर ठेवायची.

"हे कोण होय, सांगा बरं."

कार्डावर एक काळंठिक्कर तोंड होतं. कपाळ, दोन्ही गाल, हनुवटी, सगळीकडे डाग. कोणी शाईचे हात पुसावेत तसे.

"तुमच्या सासूबाई आहेत का?"

"घ्या! सासू कायची वो? मीच होय. हेबी मी, अन् तेबी मीच."

मग ती बाई एकदा कार्डाकडे, एकदा मैनाबाईच्या गव्हाळ, नितळ गालाकडे पाहायची. कार्डावरचं नाव मोठ्यानं वाचायची. सोबतच्या बाईला हाक मारायची. तोवर चार-पाच पाकिटं गेलेली असायची.

मी बाजूला उभी राहून हे कौतुकानं पाहत असे. कारण तो लेप मी दिलेला होता.

अकोला-अमरावती रस्त्यावर मूर्तिजापूरच्या अलीकडं आत वळलं की आमचं गाव लागतं. सव्वीस वर्षं झाली, मी इथं अंगणवाडीत आहे. अंगणवाडीच्या मागची गल्ली बिब्बे फोडणाऱ्या बायांची. हिवाळ्यात डिंकाच्या लाडवात आपण जी पांढरी गोडंबी घालतो, ती बिब्ब्याच्या पोटात असते. बिब्बा दगडावर उभा धरून हातोडीनं फोडावा लागतो. फुटताना त्यातलं काळं तेल उडतं. जिथं उडेल तिथली कातडी उतते, फोड येतो, फोड बसला की डाग राहतो. बाया हाताला राख चोळतात, तोंडाला पदर बांधतात, पण डोळे तर उघडे ठेवावेच लागतात. तेल तेवढ्या जागेतून शिरतं. पहिला डाग जायच्या आत त्याच जागी दुसरा पडतो.

त्या गल्लीत बिस्मिल्लाबीच्या ओट्यावर मैनाबाई आणि बिस्मिल्लाबी वीस वर्षं समोरासमोर बसून बिब्बे फोडत होत्या. एकीची पोरं दुसरीच्या मांडीवर वाढली. दोघींची तोंडं इतकी सारखी काळी झाली होती, की नवा पोस्टमन एकीचं पत्र दुसरीला देऊन जायचा. मैनाबाई म्हणायची, "त्याची काय चुकी? आमाले दोघीले एकाच दगडानं रंगोलं."

तीन वर्षांमागं पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मैनाबाई ओल्या पायरीवरून पडली. उजवं मनगट मोडलं. अकोल्याच्या डॉक्टरांनी प्लास्टर घातलं, ते निघाल्यावर हाड नीट बसलं नाही म्हणून पुन्हा घातलं, आणि बजावलं की वर्षभर हातोडी धरायची नाही. नवरा बुधाजी जिनिंगवर चौकीदार, मुलगा पुण्याकडं. मैनाबाई दिवसभर घरात एकटी. मी आहार वाटायला जाताना डोकावायचे. एकदा ती म्हणाली, "मॅडम, हात रिकामा हाय तं जीव खाते माहा. काही तरी काम सांगा."

माझ्या घरी लेपाची पूड पडलेली होती. माझी धाकटी बहीण वरूडला दिलेली. संत्र्याचा हंगाम आला की ती सालीचं पोतं पाठवते. आमच्या एका प्रशिक्षणात शिकवलं होतं ते मी करून पाहिलं होतं. सावलीत वाळवलेली संत्र्याची साल, मसुराची डाळ, ज्येष्ठमध, मंजिष्ठा आणि आंबेहळद, सगळं कुटून वस्त्रगाळ करायचं आणि कोरफडीच्या गरात कालवून लावायचं. मी तिला एक डबा दिला. "तोंडाला लाव रोज. तेवढाच विरंगुळा."

तिनं मनापासून लावला. दिवाळीला तिचं कपाळ उजळलं. होळीपर्यंत गाल. चैत्रात तर लोक थांबून पाहायला लागले. तिच्याकडं आरसा नव्हता, भिंतीत बसवलेला एक तुकडा होता. बुधाजीनं आठवडी बाजारातून आरसा आणला. ती मला म्हणाली, "मॅडम, वीस वर्सांपूर्वी मी अशी होती. मी इसरलीच होती." त्याच महिन्यात रेशनच्या मशीनवर तिचा अंगठा पहिल्यांदा उमटला. आधी कितीही दाबला तरी मशीन घेत नसे, दर वेळी बुधाजीला आणावं लागे. दुकानदार म्हणाला, "मैनाबाई, अंगठा नवा घेतला काय?" तिनं गल्लीभर साखर वाटली.

आमच्या गटाच्या अध्यक्ष रागिणीताई. घरची शेती आहे, बोलायला पक्क्या, पण गटातल्या कोणत्या बाईच्या घरी चूल पेटली नाही हे त्यांना सगळ्यांच्या आधी कळतं. त्यांनी मैनाबाईला पाहिलं आणि मला म्हणाल्या, "मॅडम, पापड-लोणची सगळेच करून राह्यले. आपण हे इकू."

असा आमचा लेप सुरू झाला. गटात अकरा बाया. वरूडहून पोती येऊ लागली. आम्ही फलक छापला. डावीकडं आधार कार्डावरची मैनाबाई मोठी करून, उजवीकडं आताची. मध्ये बाण.

आणि मैनाबाई घरात बसली.

हे कोणी ठरवून केलं नाही. आधी रागिणीताई म्हणाल्या, कापूस वेचायला जाऊ नका, ऊन लागून तोंड रापेल. ते बरोबरच होतं. मग म्हणाल्या, चुलीपुढं बसू नका. गटातून शेगडी दिली. मग लग्नाला जाताना छत्री, बाजारात जाताना तोंडाला दुपट्टा. बिब्ब्याच्या ओट्याकडं तर फिरकायचंसुद्धा नाही. साल सावलीत वाळवावी लागते, उन्हात तिचा रंग आणि वास दोन्ही उडतात. सगळ्यांत सावलीचं घर मैनाबाईचं. तिच्या खिडक्यांना आम्ही गोणपाट ठोकलं, खाटांवर, दोऱ्यांवर, जमिनीवर साल पसरली, आणि तिला राखणीला बसवलं. दार लोटून घ्यायचं, धूळ यायला नको. घरात पाय ठेवला की संत्र्याचा इतका वास यायचा की डोळ्यांत पाणी यायचं. त्या वासात ती सकाळपासून दिवस मावळेपर्यंत बसे. साल उलथवे, पुन्हा उलथवे.

बुधाजी पारावर सांगायचा, "माही बायको पाह्यची असन तं आता अमरावतीले जा लागते. घरी तं मले अंधारात आवाज येते फक्त."

लोक हसायचे. मीही हसले होते.

एकदा मी साल मोजायला गेले, तर ती गोणपाटाला कान लावून बसली होती. मला हातानं गप्प राहायला सांगितलं. पलीकडच्या ओट्यावरून हातोड्यांचा आवाज येत होता, टक, टक-टक.

"हा बिस्मिल्लाचा हात," ती म्हणाली. "एक जोरात, दोन हलके. आज तिचं मनगट दुखून राह्यलं असन, तिसरा घाव पडतच नाई."

"तुला जायचं तर जात जा ना पाच मिनिटं."

"तुमीच तं म्हनलं, तिकडे जाऊ नको. एक ठिपका उडला तं फलक बदला लागन." ती हसली. पण कान काढला नाही.

गल्लीतल्या बायांनीही लेप घेतला होता. बिस्मिल्लाबीनं तर सगळ्यांच्या आधी. तिनं वर्षभर लावला. दिवसभर फोडायचं, संध्याकाळी तोंड धुवून लावायचा. काही झालं नाही. ती मैनाबाईच्या दारात येऊन म्हणायची, "काय वो मैना, तुह्या तोंडाले लागला अन् माह्या तोंडाले काऊन नाई? लेप बी जात पाहून काम करते काय?" दोघी हसायच्या. मैनाबाई म्हणायची, "लाव अजून. माहे सात-आठ महिने गेले." बिस्मिल्लाबी पुन्हा एक पाकीट न्यायची. ते मीच तिला द्यायचे.

गेल्या थंडीत, सोमवार होता, मी दुपारी मैनाबाईकडं गेले तर तिनं दारातच माझा हात धरला.

"ऐका."

मी ऐकलं. मला रोजचाच आवाज वाटला.

"बिस्मिल्लाच्या जागेवर दुसरी हातोडी हाय. नवी. घाबरून मारून राह्यली. पाहा, मारते अन् मंग थांबते. तोंड मागं घेत असन." तिनं हात अजून सोडला नव्हता. "मॅडम, हे कोन होय?"

मला माहीत होतं. बिस्मिल्लाबीच्या मुलाचं, जुबेरचं लग्न दिवाळीनंतर झालं होतं. सून माहेनूर, वलगावकडची, बारावी झालेली, एकोणीस-वीस वर्षांची, नाजूक. सगळी गल्ली म्हणत होती की हिला बिब्ब्याला लावणार नाहीत. बिस्मिल्लाबीनं स्वतः तसं कबूल केलं होतं. मग तिच्या डोळ्यात तेलाचा थेंब गेला, एका डोळ्यानं धूसर दिसू लागलं, आणि ओट्यावरची जागा रिकामी राहिली.

मैनाबाई दुपट्टा न बांधता तशीच बाहेर पडली. मी मागं. ओट्यावर माहेनूर नवी ओढणी तोंडाला गुंडाळून बसली होती. हाताला राख. मेंदी अजून पुरती गेली नव्हती, ती राखेतून दिसत होती.

"पोट्टी, हे काय? उठ," मैनाबाई म्हणाली.

माहेनूर हसली. दात पांढरेशुभ्र. "खाला, तुमी काळजी काऊन करता? तीन-चार वर्सं फोडतो आम्ही. घर झालं की बंद. मंग तुमचा लेप लावू. तुमी तर वीस वर्सं फोडले, तरी साफ झालं. माझं तर चारच वर्सांचं राहील." आणि मग खरंच विचारायचं म्हणून तिनं विचारलं, "चार वर्सांच्या डागाले किती महिने लावा लागते?"

मैनाबाईनं माझ्याकडं पाहिलं. मी पाकिटावर काय लिहिलंय ते आठवत होते.

ती घरी आली. दार लोटलं. पसरलेल्या सालीच्या मध्ये उभी राहिली आणि दोन्ही हात माझ्यापुढं धरले.

"पाहा."

"काय पाहू?"

"हात. हे हात कोळशासारखे होते ना? आता पाहा. बोटं पाहा. रेशनवर अंगठा उमटते. मॅडम, तुमी दिला तो डबा उलीसाच होता. तोंडालेच पुरत नोता. हाताले मी लेप लावलाच नाई. एक दिवस बी नाई. मंग हे कशानं साफ झाले?"

मी त्या हातांकडं पाहत राहिले. तिच्या बाजूला बसून मी दोन वर्षं प्रदर्शनं केली होती. तेच हात कार्ड काढून देत होते. आम्ही सगळ्या, आणि येणारी प्रत्येक बाई, तोंडाकडं पाहत होतो.

"फोडणं बंद झालं म्हणून साफ झाले," ती म्हणाली. "हात बी अन् तोंड बी. लेपानं थोडं फार झालं असन, मी नाई म्हनत नाई. पन फोडत राहून, वरून लेप लावून कोणाचं बी जानार नाई. बिस्मिल्लाचं गेलं काय?"

आम्ही रागिणीताईंकडं गेलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. रागावल्या नाहीत, ते मला जास्त कठीण गेलं. म्हणाल्या, "मैनाबाई, तुमचं म्हननं खरं असन. पन पुढच्या महिन्यात अमरावतीचा मोठा मेळावा हाय. फलक तुमचा. अकरा बायांचं घर त्याच्यावर चालू हाय, त्यात चंदा हाय, तिले कोनी नाई. मेळावा होऊ द्या. मंग पाहू."

"मेळाव्यापर्यंत तं त्या पोट्टीचं तोंड जाईन."

"तं सांगा ना तिले. तिले फोडू नको म्हना. आपल्या लेपाले काऊन नावं ठेवता?"

मैनाबाईनं सांगितलं. दुसऱ्याच दिवशी बिस्मिल्लाबीच्या ओट्यावर जाऊन स्पष्ट सांगितलं, की लेपानं डाग जात नाहीत, काम सोडलं तरच जातात. मी सोबत होते. बिस्मिल्लाबीनं एका डोळ्यानं तिच्याकडं पाहिलं.

"मैना, वीस वर्सं तुह्यासमोर बसली मी. तुह्या लेकराले दूध पाजलं. तुले काही जास्तीचं माहीत असन, कोणती जडी असन, ती मले सांगायची नाई तं नको सांगू. पन असं बोलू नको. तुहं तोंडच सांगून राह्यलं ना, जाते म्हणून."

"माहं तोंड खोटं बोलून राह्यलं!"

"तोंड कसं खोटं बोलन?" बिस्मिल्लाबी माझ्याकडं वळली. "मॅडम, तुमी देवाधर्माच्या बाई हा. मटन-अंडं शिवत नाई, कोनाचं वाईट बोलत नाई. तुमी सांगा. लेपानं जाते का नाई?"

माहेनूरची हातोडी थांबली होती. तीही ऐकत होती. एका शब्दाचं काम होतं.

मी म्हणाले, "गुण येतो. माणसामाणसावर असतं ते."

मैनाबाईनं माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. ती उठली आणि घरात गेली, दार लोटलं. पाठीमागं हातोडी पुन्हा सुरू झाली.

आमचं घर महानुभाव पंथाचं. सकाळ-संध्याकाळ नामस्मरण आहे, रोजची पोथी आहे. त्या दिवसापासून मी पोथी उघडायचे आणि एकाच ओळीवर बसून राहायचे. रविवारी रिद्धपूरला गेले. दंडवत घातले. तिथं एक म्हाताऱ्या तपस्विनी आहेत, त्यांना सांगावं असं मनात होतं. त्यांनी विचारलं, "काय बाई, बरं आहे ना?" मी म्हणाले, "बरं आहे." परतीच्या एसटीत माझ्या ध्यानात आलं, की दिवसभरात मी एवढंच बोलले होते, आणि तेही खोटं.

सोमवारी सकाळी अंगणवाडीत आले तर हातोड्यांचा आवाज मला वेगळा वाटला. इतक्या दिवसांत मीही ऐकायला शिकले असेन. एक घाव फार सरावाचा होता. थांबत नव्हता.

मी धावत गेले. मैनाबाई ओट्यावर आपल्या जुन्या जागी बसली होती, माहेनूरच्या समोर. हाताला राख. तोंडाला काही बांधलेलं नव्हतं.

"बह्याड झाली काय तू?" मी ओरडले. "मेळावा आठ दिवसांवर आहे!"

"हौ, माहीत हाय." तिनं एक बिब्बा फोडला. "मॅडम, बाजूले सरा, उडन."

बिस्मिल्लाबी दारात बसून हे पाहत होती. मैनाबाई तिला म्हणाली, "पाह्य बिस्मिल्ला, आता तू साक्षी. मी रोज फोडन. रोज संध्याकाई लेप लावन, पन डाव्या गालालेच. उजव्याले नाई. तुह्यासमोर लावन, याच ओट्यावर. चाळीस दिवस. लेपात दम असन तं डावा गाल साफ राहीन. नाई राह्यला तं ही पोट्टी उठन. बोल, कबूल?"

माहेनूर म्हणाली, "खाला, नको ना." तिच्या उजव्या भुवईच्या वर पहिला डाग पडला होता, मसुराच्या डाळीएवढा.

"तू फोड हळूहळू," मैनाबाई तिला म्हणाली. "तोंड नीट बांध. तुले चाळीस दिवस सांभाळन मी."

रागिणीताई आल्या. हाताला धरलं, रागावल्या, शेवटी रडल्या. मैनाबाई म्हणाली, "ताई, दोन वर्सं तुमी मले सालीसारखं ठेवलं. मी काही म्हनलं नाई. माहं तोंड गटाचं होतं, कबूल. पन ही पोट्टी त्या तोंडावर इश्वास ठेवून बसली. ते तोंड तिच्यासमोरच मोडा लागन. बोलून तं पाह्यलं ना मी."

चौथ्या दिवशी तिच्या दोन्ही गालांवर फोड आले. वीस वर्षांच्या सरावानं निबर झालेली कातडी दोन वर्षांत पुन्हा कोवळी झाली होती, त्यामुळं जास्तच उतलं. डोळे सुजले. ती ताक लावायची, खोबरेल लावायची, आणि संध्याकाळी बिस्मिल्लाबीच्या समोर डाव्या गालावर लेप. फोडावर लेप झोंबायचा. एकदा मी म्हणाले, "आता पुरे, कळलं सगळ्यांना."

"कोनाले कळलं? तुमाले तं आधीच कळलं होतं."

मी ताकाची वाटी तिच्याकडं सरकवली.

मेळाव्याला मी आणि रागिणीताई गेलो. फलक लावला. बाण, दोन तोंडं. बाया थांबत होत्या, पण हातावर कार्ड ठेवणारं कोणी नव्हतं. एका बाईनं उजवीकडच्या फोटोवर बोट ठेवून विचारलं, "या कुठं आहेत? आल्या नाहीत का?" तिच्या सोबत मुलगी होती, गालांवर काळसर वांग आलेली, मान खाली घातलेली. रागिणीताई बोलायला तोंड उघडणार, तेवढ्यात मीच म्हणाले, "त्या बिब्बे फोडायला गेल्या." आणि मग सगळं सांगितलं. मुलीला त्वचेच्या डॉक्टरकडं न्यायला सांगितलं. ती बाई निघून गेली. रागिणीताईंनी माझ्याकडं पाहिलं, मग त्या उठल्या, फलकाच्या दोऱ्या सोडल्या आणि गुंडाळून टेबलाखाली ठेवला. परतीच्या रस्त्यात बडनेऱ्याला त्या फक्त म्हणाल्या, "चंदाले काय सांगू मी?"

चाळीस दिवस पुरे व्हायच्या आधीच, छत्तिसाव्या दिवशी, बिस्मिल्लाबीनं मैनाबाईला उजेडात बसवलं. एक डोळा बारीक करून आधी डावा गाल पाहिला, मग उजवा. बोटानं चाचपला. पुन्हा डावा. गल्लीतल्या बाया जमल्या होत्या. दोन्ही गाल सारखेच काळे होते. फरक काढायचाच म्हटलं, तर डावा थोडा जास्त सोललेला होता.

बिस्मिल्लाबीनं माहेनूरच्या हातातली हातोडी घेतली. स्वतःच्या मांडीखाली ठेवली आणि त्यावर बसली. "उठ," ती सुनेला म्हणाली. "हात धू." मग मैनाबाईच्या गळ्यात पडून ती रडली. "मी तुले खोटी म्हनलं वो मैना, मी तुले खोटी म्हनलं."

"रडू नको, डोया खराब हाय तुहा," मैनाबाई म्हणाली. "अन् तोंडाले तोंड लावू नको, उतन."

त्याला आता सहा-सात महिने झाले. माहेनूर अंगणवाडीत मला मदतनीस म्हणून येते. तिच्या भुवईवरचा डाग फिका होत आला आहे. तिनं काही लावलेलं नाही. लेपाची पाकिटं आम्ही अजून करतो, थोडी. पाकिटावर माहेनूर आपल्या चांगल्या अक्षरात लिहिते: 'उन्हानं रापलेल्या कातडीसाठी. बिब्ब्याच्या डागावर याचा उपयोग नाही.' गटात आता पाचच बाया उरल्या. चंदा अकोल्याला धुण्याभांड्याच्या कामाला जाते. रस्त्यात भेटली की माझ्याशी बोलत नाही.

आणि मैनाबाई ओट्यावरच आहे. लेप आता खपत नाही, म्हणून पोटासाठी तिला तिथं बसावं लागतं, हे मला कळतं. मी पोथी वाचते, ओळ पुढं सरकते, पण हातोडीचा आवाज आला की थांबते. परवा रेशनच्या दुकानात तिचा अंगठा पुन्हा उमटला नाही. दुकानदारानं कार्ड मागितलं, फोटो पाहिला, तिच्याकडं पाहिलं आणि म्हणाला, "बरोबर, तुमीच हा." दोन वर्षांत हे तिला कोणी इतक्या चटकन म्हटलं नव्हतं.

बाहेर आल्यावर मी तिला म्हणाले, "मैनाबाई, आता तरी उठ त्या ओट्यावरून. गोणपाट मी स्वतः काढलं तुझ्या खिडक्यांचं. उन्हात बस, वावरात जा, काय करायचं ते कर. पण बिब्बा सोड. वर्षभरात तोंड पुन्हा साफ होईल."

तिनं काळी बोटं पदराला पुसली. काही जाणार नव्हतं, तरी पुसली.

"होईन ना," ती म्हणाली. "मंग तुमी पुन्हा फोटो काढसान."